कुत्र्याची चानकी

अबुल फजलाच्या ‘आईने अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून ज्याची नोंद आहे, १८५३ च्या तहनाम्याने जो निजामाच्या ताब्यातून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, ज्याचा बासिम नावाचा स्वतंत्र जिल्हा १९०५ साली मोडून मुख्यतः अकोल्यात मिळवण्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम या नावाने ज्याला पुन्हा जिल्ह्याचा दर्जा प्राप्त झाला, त्या मुलखाच्या दप्तरांत जमिनीची प्रतवारी आहे, साऱ्याचे आकारमान आहे, पाटील-पटवाऱ्यांचे आणि बलुतेदारांचे हक्क आहेत, परंतु प्रत्येक घराच्या उंबरठ्याशी रोज सायंकाळी हजर होऊन आपला वाटा बिनतक्रार वसूल करणारा जो एक हक्कदार, त्याला मात्र या कागदांत जागा नाही. तो हक्कदार म्हणजे गावकुत्रा, आणि त्याचा वाटा म्हणजे ज्वारीची भाकर. या वहिवाटीची सनद कोणी दिली नाही आणि कोणी मागितलीही नाही. तरीही राजवटी बदलत असता ती चालत राहिली.

माणसाच्या ताटातील धान्य कुत्र्याला मानवते किंवा नाही, हा प्रश्न आज शहरातील सुशिक्षित गृहस्थ पशुवैद्याला विचारतो, आणि विचारावा हे योग्यच आहे. रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरूळपीर या बाजूच्या खेड्यांत मात्र तो प्रश्न म्हणून कधी उभाच राहिला नाही, कारण त्याचे उत्तर चुलीपुढच्या रीतीतच मुरलेले होते. ती रीत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. काठवटीत ज्वारीचे पीठ ऊन पाण्याने मळून, तळव्याच्या टाचेने रगडून, थापून तव्यावर टाकलेल्या भाकरीवर गृहिणी पाण्याचा हात फिरवी, आणि पापुद्रा सुटू लागला की ती तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी इंगळापुढे उभी करी. पहिली भाकर गाईची. मग घरच्या माणसांची चवड. आणि सरतेशेवटी काठवटीच्या कडांना लागलेले पीठ खरवडून, त्यात चिमूटभर कोरडे पीठ घालून केलेली जाडसर, वेडीवाकडी चानकी, ती कुत्र्याची. “जाय वं, कुत्र्याले भाकर टाकून ये,” एवढ्या आज्ञेवर घरातले सर्वांत धाकटे पोर ती घेऊन अंगणात जाई, आणि “यूऽ यूऽ” अशी हाक पुरती उमटण्याच्या आत तो हक्कदार समोर उभा असे. या चानकीत पीठ, पाणी आणि विस्तव यांखेरीज काही नसे. फोडणी नाही, तिखट नाही, कांदा-लसूण नाही, बहुधा मीठही नाही. कालवण आणि ठेचा यांच्याशी भाकरीची गाठ ताटात पडते, आणि कुत्र्याचा वाटा ताटापर्यंत पोहोचण्यापूर्वीच निघालेला असे. माझ्या मते या साऱ्या प्रथेचे मर्म येथेच आहे: कुत्र्याला काय द्यावे यापेक्षा ते केव्हा काढून ठेवावे याची शिस्त तिने घालून दिली, आणि त्या शिस्तीने जे रक्षण केले, त्याची कल्पना ती पाळणाऱ्यांनाही नव्हती.

ज्वारीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, हे आता शास्त्रानेही सांगितले आहे. एरिक ॲक्सेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराचे जे जनुक लांडग्याच्या ठायी दोन प्रतींत आढळते, त्याच्या कुत्र्याच्या ठायी चारपासून तीसपर्यंत प्रती असतात, म्हणजे मनुष्य शेतकरी झाला तेव्हा त्याच्या उंबऱ्यावर बसलेले जनावरही हळूहळू धान्यभक्षी होत गेले. कुत्र्याचा आणि या भूमीचा संबंध ज्वारीहूनही जुना असावा. तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली जी ताम्रपाषाणयुगीन कांस्यशिल्पे सापडली, त्यांतील रथाच्या दांडीवर एक कुत्रा ऐटीने उभा आहे. ज्वारी ही मुळात आफ्रिकेची लेक, ती नंतर आली आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत घरची झाली. भाजलेली अथवा शिजवलेली ज्वारी कुत्र्याला निरुपद्रवी आहे. कोवळ्या ज्वारीच्या पानांत मात्र सायनाइड उत्पन्न करणारे द्रव्य असते आणि त्याने गुरे दगावतात, हे येथील शेतकरी जाणतो. पण ते विष पाल्याचे, पक्व दाण्याचे नव्हे. निरुपद्रवी म्हणजे परिपूर्ण असेही समजू नये. केवळ भाकरीवर वाढलेले पिल्लू खुरटते, कारण त्याला हवी असणारी प्रथिने आणि चुना या धान्यात पुरेसे नाहीत. गावकुत्रा ती उणीव उंदीर-घुशी, मेलेली ढोरे आणि उकिरडा यांवर भरून काढी. म्हणून भाकरीवर तो जगतो ही समजूत अर्धी खरी होती.

या वहिवाटीच्या मागे धर्मशास्त्राचे पाठबळ होते, आणि वाशीम जिल्ह्यात ते शोधायला दूर जावे लागत नाही. कारंजा हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. त्यांचे चरित्र सांगणारा सरस्वती गंगाधराचा ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ कथांबरोबरच गृहस्थाच्या आचारधर्माचेही विस्तृत निरूपण करतो. ज्या दत्तसंप्रदायाचे कारंजा हे पीठ, त्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार श्वान असतात आणि परंपरा त्यांना चार वेद मानते. वैश्वदेवानंतरच्या बलिहरणात यमाच्या श्याम आणि शबल या दोन श्वानांची आठवण काढून अन्नाचा अंश बाहेर ठेवण्याचा विधी आहे. पितृपक्षातही गाय आणि कावळा यांच्या जोडीने कुत्र्याचा घास निघतो. वैश्वदेवाच्या हवनाला क्षार-लवणमिश्रित अन्न वर्ज्य, आणि पलांडु व लशुन, म्हणजे कांदा-लसूण, हे तर मनुस्मृतीने द्विजांच्या आहारातूनच बाद केलेले. तेव्हा शास्त्री-पंडितांच्या घरचा भाताचा बली आणि कुणब्याच्या घरची चानकी ही दोन्ही, अगदी निराळ्या कारणांनी, कुत्र्याच्या प्रकृतीला निर्धोक ठरली. एकीकडे शुचितेचा कटाक्ष होता, दुसरीकडे काटकसर. पशुवैद्यक दोहोंकडे नव्हते.

याच ठिकाणी एक अप्रिय गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या श्लोकात मनूने कुत्र्यासाठी अन्न भूमीवर हळूच ठेवावे असे सांगितले, त्याच श्लोकात त्याच पंक्तीला पतित, श्वपच आणि दुर्धर रोगांनी पीडलेली माणसे बसवली आहेत. गावगाड्यात वेशीची राखण करणाऱ्या महार वेसकराला आपल्या श्रमाच्या मोबदल्यात दारोदार भाकरी मागत फिरावे लागे, आणि ज्या सायंकाळी त्याची टोपली फिरे तीच वेळ कुत्र्याच्या चानकीची असे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी अशा चाकरीला लागू असलेल्या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक मांडले, तेव्हा वऱ्हाड मुंबई इलाख्यात मोडत नव्हते. परंतु त्या मागणीतला अपमानाचा सल तोच होता. भूतदयेचे कौतुक करणाऱ्या आमच्या लेखकांनी हा शेजार बहुधा नजरेआड केला आहे.

कुत्र्याला केवळ भूतदयेपोटी नव्हे तर चाकरीच्या मोबदल्यात भाकर देणारे लोकही या मुलखात होते. अबुल फजलाने बासिमच्या आसपास हटकर नावाच्या मानी आणि न जुमानणाऱ्या लोकांची वस्ती नमूद करून त्यांच्याजवळ एक हजार घोडेस्वार आणि पाच हजार पायदळ असल्याचे लिहिले आहे. हे हटकर म्हणजे भाला धरणारे धनगर, आणि धनगराचा वाडा कुत्र्यावाचून राहत नाही. लांडग्यापासून कळप राखणाऱ्या त्या कुत्र्याच्या पुढ्यात ताकात कुस्करलेली भाकर किंवा ज्वारीच्या शिजवलेल्या कण्या पडत. प्रौढ कुत्र्याला निरसे दूध पुष्कळदा बाधते, आंबवलेले ताक त्या मानाने सोसते. तेव्हा लोणी काढून उरलेले ताक त्याच्या वाट्याला येई यात त्याचे नुकसान नव्हते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणाऱ्या तांड्यांच्या गोण्या रात्री कुत्रेच राखीत. सावकाराकडे आपला कुत्रा गहाण टाकणाऱ्या बंजाऱ्याची कथा जुन्या मध्य प्रांतात सर्वत्र प्रसिद्ध होती: कुत्र्याने चोरीचा माल दाखवून दिला म्हणून प्रसन्न झालेल्या सावकाराने कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधून त्याला परत धाडले, आणि इमान मोडून पळून आला असे समजून धन्याने चिठ्ठी वाचण्यापूर्वीच त्याला ठार केले.

आणि वाशीमच्या दक्षिणेस, हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे ज्यांचे जन्मगाव मानले जाते, त्या नामदेवांची गोष्ट तर मराठी मुलाला पाळण्यात कळते: कुत्र्याने भाकर पळवली, आणि ती कोरडी खाऊ नकोस म्हणत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. संतांच्या करुणेबद्दल बोलण्याचा अधिकार पशुवैद्याला नाही. पण तूप बेताचेच असावे, कारण अतिस्निग्ध अन्नाने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला दाह होतो, एवढे तो अदबीने सुचवील.

आता अपवाद. चुलीच्या रीतीने जे टाळले ते देवाच्या रीतीने वर्षातून एकदा घडवून आणले. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे, कांदा आणि लसूण खंडोबाच्या भक्तांच्या घरी पुन्हा शिजू लागतात. भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, आणि कुत्रा हा खंडोबाचा सोबती म्हणून त्यालाही त्यातला घास मिळतो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा हा वऱ्हाडच्या जेवणावळींचा मानकरी. कुत्र्याला त्यापासून काही भय नाही. भय आहे ते भरतात चिरून घातलेल्या पातीच्या कांद्याचे आणि लसणाचे. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना इजा करतात, त्या फुटू लागतात आणि रक्तक्षय होतो. दर किलो वजनामागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटात गेल्यास रक्तात बिघाड दिसू लागतो. म्हणजे पंधरा किलोच्या गावकुत्र्याला सव्वादोनशे ग्रॅम, मध्यम आकाराचे दोन-तीन कांदे, पुरे होतात. शिजवल्याने हा दोष जात नाही आणि लसूण त्याहून जहाल आहे. शिवाय लक्षणे तत्काळ दिसत नाहीत: दोन-चार दिवसांनी हिरड्या फिकटतात, लघवी गडद तांबूस होते, जनावर धापा टाकीत कोपऱ्यात बसते, आणि तोवर षष्ठीच्या घासाची आठवण कोणालाही राहिलेली नसते. वर्षातून एका घासाने कुत्रा मरत नाही हे खरे. पण एकाच आळीतल्या वीस घरांचा मान एकाच कुत्र्याने स्वीकारला तर हिशेब बदलतो.

जो हिशेब पूर्वी एका षष्ठीपुरता होता, तो आज बारमाही होऊन बसला आहे, आणि त्याचे कारण शेतात आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत या जिल्ह्याच्या खरिपातून ज्वारी मागे हटत गेली आणि तिच्या जागी सोयाबीन पसरले. पाखरांचा उपद्रव, दाण्याला धरणारी बुरशी, बाजारातला पडता भाव, अशी ज्वारी सोडण्याची कारणे कोणताही शेतकरी सांगेल, आणि ती खोटी नाहीत. परंतु ज्वारी कणगीत येई, तिथून जात्यात आणि जात्यातून काठवटीत. सोयाबीनचा मार्ग खळ्यातून थेट बाजार समितीकडे जातो. घरात न शिजणाऱ्या पिकात उंबऱ्यावरच्या हक्कदाराचा वाटा निघावा तरी कोठून? गव्हाची पोळी आली, आणि तीही कुत्र्याला ज्वारीइतकीच पचते. पण पोळी मोजून केली जाते, चानकीपुरते पीठ उरत नाही, आणि उरते ते ताटातले: रस्सा लागलेला भात, लसणाच्या चटणीत बुडालेला तुकडा, लग्नाच्या मांडवामागे ओतलेली कांदा-मसाल्याची भाजी. स्वयंपाकाआधी निघणारा वाटा जेवणानंतर निघू लागला.

खंडोबाच्या नैवेद्यापुरता तरी तोडगा सोपा आहे, आणि त्यात देवाचा मान कमी होण्याचे कारण नाही. रोडगा आरातून काढल्यावर तो कुस्करण्यापूर्वी एक तुकडा बाजूला ठेवावा, वांगे भाजून सोलल्यावर त्यात कांदा-लसूण पडण्याआधी एक घास वेगळा काढावा, आणि तोच बाहेर न्यावा. तळी भरायला उभ्या राहिलेल्या मंडळींपैकी कोणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही, आणि ज्याच्यासाठी तो घास जातो त्याची तर कशालाच हरकत नसते.