कोल्ह्याची सापळापारध, तानसा परिसरातील

कोल्हा, खोकड यांसारख्या सावध व मुख्यतः रात्री फिरणाऱ्या प्राण्यांना जमिनीत किंवा जमिनीलगत मांडलेल्या खड्डा, फास, जाळे वा चाप यांच्या साहाय्याने पकडण्याची पद्धती. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांत शेती आणि जंगल एकमेकांना लागून असल्याने सापळा हे शेतराखणीचे व उदरनिर्वाहाचे जुने साधन होते. सध्या तो कायद्याने गुन्हा आहे. या स्थित्यंतराचा इतिहास हा वनांवरील बदलत्या हक्कांचा इतिहासही होय.

मराठीत ‘कोल्हा’ व ‘खोकड’ ही नावे पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरली जातात; परंतु हे प्राणी भिन्न आहेत. कोल्ह्याचे वजन सु. ८ ते ११ किग्रॅ., तर खोकडाचे केवळ २ ते ४ किग्रॅ. असते. खोकड कोरड्या, उघड्या माळरानात अनेक तोंडांची बिळे करून राहते. तानसा खोऱ्यासारख्या साग व ऐन यांच्या पानझडी वनांत आणि भातखाचरांच्या कडेने वावरणारा प्राणी बहुधा कोल्हाच असतो. उंदीर, खेकडे, किडे, फळे व मृत जनावरे हे त्याचे अन्न असून कोंबड्या व करडेही तो पळवितो. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण वेलवाडीची नासाडी पाहिलेल्या शेतकऱ्याच्याच अनुभवातून आलेली दिसते. मात्र खाचरातील उंदरांचा फडशा पाडून तो पिकाचे रक्षणही करतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने कोल्हा शत्रू व मित्र असा दोन्ही आहे.

राजेरजवाड्यांच्या शिकारीहून सापळापारध मुळात वेगळी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या संस्कृत ग्रंथात मृगयेचा विचार राजाच्या विनोदांत, म्हणजे करमणुकीत, केलेला आहे. सापळा हे मात्र घोडा, कुत्री वा बंदूक बाळगू न शकणाऱ्याचे साधन होय. त्याला खर्च थोडा लागतो. परंतु प्राण्याच्या सवयींचे ज्ञान पुष्कळ लागते. कोल्हा नेहमीच्या वाटेने व बांधाच्या कडेने जातो, ओळखीच्या जागी विष्ठा टाकतो आणि अनोळखी वास येताच बिचकतो. त्यामुळे माग काढणे, योग्य जागा हेरणे व तेथे माणसाच्या वावराची खूण न ठेवणे यांवरच पारध्याचे यश अवलंबून असे.

सापळ्यांचे स्थूलमानाने चार प्रकार आढळतात. खड्ड्यावर काटक्या व पाला पसरून तो झाकीत. फासात दोरीची सरकगाठ वाटेवर किंवा कुंपणाच्या फटीत लावीत. कधी तिला वाकविलेल्या फांदीचा ताण देत. वाघूर म्हणजे आडवे लावलेले मोठे जाळे. त्याकडे हाकाऱ्यांनी सावज पिटाळावयाचे असते. लोखंडी चाप मातीत पुरून त्याजवळ आमिष ठेवण्याची रीत यूरोप व उत्तर अमेरिकेत लोकरी कातड्यांच्या व्यापारामुळे फार वाढली. त्यातील क्रौर्यामुळे इंग्लंडमध्ये १९५८ पासून दातेरी चाप बेकायदेशीर ठरला. यूरोपीय संघाने १९९१ च्या नियमानुसार पाय पकडणाऱ्या चापांचा वापर १९९५ पासून बंद केला.

तानसा परिसरात वारली, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी या जमाती राहतात. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. बिळे खणून उंदीर पकडणे, ससे व पाखरे फासात धरणे हा त्यांच्या अन्नसंपादनाचा भाग होता. देशावर व विदर्भात फासेपारध्यांच्या जमातीचे नावच फासावरून पडले. गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा जाच या पारध्यांना १९५२ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत सोसावा लागला.

१८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनांत नियमांविरुद्ध शिकार करणे व सापळे लावणे हा अपराध ठरविला; १९२७ च्या अधिनियमातही ही तरतूद कायम राहिली. त्याच काळात वाघ, बिबळ्या, लांडगा यांना मारणाऱ्यांस सरकार बक्षिसे देत असे आणि परवानाधारकांची बंदुकीची शिकार चालूच होती. निर्बंधाचा भार मुख्यतः वनात राहणाऱ्यांवर पडला. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी तानसा नदीवर १८९२ मध्ये धरण पूर्ण झाले. धरणाच्या पाणलोटातील वन राखण्याला त्यामुळे अधिकच महत्त्व आले. १९७० मध्ये या भागात अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र ३०० चौ. किमी. हून अधिक आहे.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याने शिकारीच्या व्याख्येत फास लावणे, सापळ्यात पकडणे व आमिष दाखविणे यांचाही समावेश केला. तथापि मूळ अधिनियमात कोल्हा उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता. पुढे त्यास तेथून काढून संरक्षित प्राण्यांत घेण्यात आले. वनहक्क अधिनियम, २००६ याने वनवासींचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले. परंतु शिकारीचा व सापळे लावण्याचा हक्क त्यांतून स्पष्टपणे वगळला.

या बंदीमागे सबळ कारण आहे. सापळा सावज निवडीत नाही. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात बिबळ्यासारखे प्राणीही अडकून मरतात. सुंभाच्या दोरीऐवजी गाड्यांच्या तारा वापरात आल्याने हा धोका वाढला आहे. दुसरीकडे कात, कोळसा व पारध यांचा आधार सुटलेल्या कातकऱ्यांना वर्षाचे अनेक महिने वीटभट्ट्यांवर राबावे लागते. कोल्ह्याला संरक्षण मिळाले. मात्र ज्यांच्या हातून फास काढून घेतला, त्यांना तितकेच भरवशाचे दुसरे साधन मिळाले नाही. माग ओळखण्याचे त्यांचे ज्ञान वन्य जीवांची गणना व राखण यांसाठी उपयोगी पडू शकते. कोंबड्या-करडांसाठी रात्री भक्कम खुराडी व गोठे आणि गावाजवळील उकिरड्यांची विल्हेवाट हे शेतकऱ्याच्या दृष्टीने सापळ्याहून अधिक टिकाऊ उपाय होत.