पांढऱ्या पेशींची नावे

खानदेशातील ग्रामीण बोलण्यात रोगप्रतिकारशक्तीचा विषय बहुधा एकाच वाक्यात आटोपतो : पांढऱ्या पेशी कमी झाल्या. धुळे जिल्ह्यात, सुरत–धुळे मार्गावरच्या साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी तपासणीचा कागद हातात पडल्यावर जो आकडा आधी विचारला जातो, तो याच पेशींचा असतो. मात्र ‘पांढरी पेशी’ हे एका पेशीचे नाव नसून अनेक जातींच्या पेशींना मिळून दिलेले ढोबळ नाव आहे. काचेच्या पट्टीवर रक्त पसरून त्याला रंग दिला की काही जाती केंद्रकाच्या आकारावरून ओळखता येतात. परंतु लसीकापेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोल केंद्रकाच्या लहान पेशी सूक्ष्मदर्शकाखाली इतक्या सारख्या दिसतात की, त्यांतील कोणती कोणत्या कामाची हे अनुभवी डोळ्यालाही सांगता येत नाही. ही ओळख प्रतिपिंडांमुळे शक्य झाली. प्रतिपिंड म्हणजे परक्या पदार्थाला नेमके चिकटणारे, शरीराने स्वतः घडवलेले प्रथिन. आणि ज्या खुणेला ते चिकटते तिला प्रतिजन म्हणतात.

प्रतिपिंडाशी महाराष्ट्राची ओळख औषध म्हणून आधी झाली. बेहरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये धनुर्वात व घटसर्प यांवर प्राण्यांच्या रक्तजलाचा उपाय दाखवला, आणि काही वर्षांतच घोड्याला विष थोडे थोडे टोचून त्याच्या रक्तातून सर्पविषाचा उतारा काढण्याची पद्धत रूढ झाली. मुंबईच्या हाफकिन संस्थेमुळे ही पद्धत या प्रांतात स्थिरावली, आणि आजही नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या दंशावर ग्रामीण रुग्णालयात दिले जाणारे इंजेक्शन घोड्याच्या प्रतिपिंडांचेच असते. शेतात साप चावलेल्या माणसाला प्रतिपिंड हा शब्द ठाऊक नसला, तरी वस्तू त्याच्या शिरेतून गेलेली असते.

तोच पदार्थ ओळख पटवण्याचे साधनही होऊ शकतो, हे लांडस्टायनरने १९०१ मध्ये रक्तगट वेगळे करून दाखवले. या विद्येत मुंबईने जी भर घातली ती जगाच्या पाठ्यपुस्तकांत शहराच्या नावानेच नोंदली गेली. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांनी इंग्लंडमधील सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्यासह १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ गटाचे वाटे. पण त्याचे रक्तजल ‘ओ’ दात्यांच्या तांबड्या पेशींच्याही गुठळ्या करी. ‘ओ’ गटाच्या पेशींवरही असणारा ‘एच’ नावाचा मूळ प्रतिजनच या लोकांच्या पेशींवर नाही, असा त्याचा उलगडा झाला. भारतात सुमारे दहा हजारांत एक इतका विरळ असलेला हा ‘बॉम्बे’ गट उघड झाला तो रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिपिंडामुळे. पुढे १९५७ मध्ये परळलाच रक्तगट संदर्भ केंद्र उभे राहिले, आणि आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था त्यातूनच वाढली.

तांबड्या पेशींना नावे मिळत असताना पांढऱ्या पेशी मात्र मागे राहिल्या. १९६० च्या दशकात लसीकापेशींचे दोन घराण्यांत विभाजन स्पष्ट झाले : छातीतील थायमस ग्रंथीत तयार होऊन निघणाऱ्या त्या टी पेशी, आणि प्रतिपिंडे घडवणाऱ्या त्या बी पेशी. पण त्या वेगळ्या मोजायच्या कशा, हा प्रश्न होता. त्यावर सापडलेला पहिला सोयीचा उपाय आज वाचताना गमतीचा वाटतो. मेंढीच्या तांबड्या पेशी माणसाच्या लसीकापेशींत मिसळल्या की त्या फक्त टी पेशींभोवती पाकळ्यांसारख्या चिकटतात, म्हणून प्रयोगशाळा मेंढीचे रक्त आणून ठेवीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली अशी ‘फुले’ मोजीत. साक्रीच्या माळरानांवर कळप घेऊन हिंडणाऱ्या ठेलारींना आपल्या मेंढीचा हा गुण ऐकून नवल वाटले असते. शास्त्रज्ञांनाही त्याचे कारण पुढे बऱ्याच वर्षांनी, प्रतिपिंडांच्या साहाय्यानेच कळले. प्राण्याला मानवी पेशी टोचून रक्तजल मिळवण्याचा जुना मार्गही होता, पण तशा रक्तजलात शेकडो प्रकारच्या प्रतिपिंडांची सरमिसळ असे, एका सशाचे रक्तजल दुसऱ्याच्या रक्तजलाशी जुळत नसे, आणि तो प्राणी गेला की त्याच्याबरोबर ते साधनही संपे.

ही अडचण १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन यांनी दूर केली. टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतील, म्हणजे पाणथरीतील, प्रतिपिंड घडवणारी पेशी त्यांनी अमर्याद वाढणाऱ्या कर्कपेशीशी जोडली. अशा एकाच संकरपेशीची संतती वाढवली की ती सगळी संतती एकच एक प्रतिपिंड अखंड तयार करते, म्हणून त्याला एककृंतक किंवा मोनोक्लोनल प्रतिपिंड म्हणतात. या शोधाचे एकस्व घेतले गेले नाही, आणि हे तंत्र जगभर झपाट्याने पसरण्यामागे ते एक मोठे कारण असावे. दोघांना १९८४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता साधने उदंड झाली आणि नावांचा गोंधळ सुरू झाला. १९७९ मध्ये ऑर्थो कंपनीच्या संशोधकांनी टी पेशींच्या खुणांना ओकेटी-३, ओकेटी-४ अशी नावे दिली. दुसऱ्या कंपनीने तीच खूण ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला ल्यू-३ म्हटले, तर तिसरी नुसतेच टी-४ म्हणू लागली. एकाच ओढ्याला चार गावांनी चार नावे द्यावीत, त्यातलाच हा प्रकार होता. १९८२ मध्ये पॅरिसला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत निरनिराळ्या प्रयोगशाळांची प्रतिपिंडे एकत्र तपासून, एकाच खुणेला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचा एक गट आणि त्या गटाला एक क्रमांक, असा नियम ठरला. ‘सीडी’ ही अक्षरे त्या गटांची आहेत. सर्व टी पेशींवर सीडी-३, त्यांतील साहाय्यक पेशींवर सीडी-४, मारक पेशींवर सीडी-८, बी पेशींवर सीडी-१९, आणि सगळ्याच पांढऱ्या पेशींवर सीडी-४५ असते. आज ही यादी साडेतीनशेच्या पुढे गेली आहे, पण प्रयोगशाळेबाहेर, थेट रुग्णाच्या तोंडी पोचला तो मुख्यतः एकच क्रमांक.

त्याचे कारण १९८१ मध्ये अमेरिकेत आढळलेला नवा आजार, एड्स. या रुग्णांत साहाय्यक टी पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत, हे नुकत्याच हाती आलेल्या मोनोक्लोनल प्रतिपिंडांमुळेच दिसू शकले; हाच आजार दहा वर्षे आधी आला असता तर वैद्यांना पेशी कमी झाल्याचे कळले असते, कोणत्या ते कळले नसते. १९८४ मध्ये पॅरिस व लंडन येथील संशोधकांनी सीडी-४ वर प्रतिपिंड बसवून या आजाराच्या विषाणूचा, म्हणजे एचआयव्हीचा, पेशीतला प्रवेश रोखून दाखवला, आणि ही खूणच विषाणूचे दार आहे हे सिद्ध झाले. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईला झाली, आणि १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली.

१ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत औषधोपचार सुरू केला तेव्हा महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात मुंबईचे जे. जे. रुग्णालय निवडले गेले. औषध केव्हा सुरू करायचे हे त्या काळी प्रामुख्याने सीडी-४ च्या आकड्यावर ठरे, आणि पुढेही दर सहा महिन्यांनी तो पाहावा लागे. म्हणजे साक्रीच्या रुग्णासाठी मुंबईचे सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर हा उपचाराचाच एक भाग होता. पुढे केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली, धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही ती सोय झाली, आणि रुग्णाऐवजी त्याच्या रक्ताची नळी प्रवास करू लागली. या प्रवासाचे नियम काहीसे उलटे आहेत. प्रतिपिंड २ ते ८ अंश तापमानात, प्रकाशापासून जपून ठेवावे लागते. रक्त मात्र बर्फात चालत नाही, ते जांभळ्या झाकणाच्या नळीत खोलीच्या तापमानालाच राहावे लागते आणि साधारणतः ४८ तासांच्या आत तपासावे लागते. भारनियमनाच्या वर्षांत पहिली अट अवघड होती आणि खानदेशी उन्हाळ्यात दुसरी. प्रत्यक्ष मोजणी त्या मानाने सोपी वाटते : प्रतिपिंडाला लाल शैवालातून मिळणाऱ्या फायकोएरिथ्रिनसारखा चमकणारा रंग जोडलेला असतो, रक्तात ते मिसळले की ठरलेल्या पेशींनाच चिकटते, आणि यंत्रातील प्रकाशझोतासमोरून एकामागून एक जाणाऱ्या पेशींपैकी ज्या चमकतात त्या मोजल्या जातात. उत्तर दर घनमिलिमीटर रक्तातील पेशींच्या संख्येत येते, आणि रुग्णांच्या भाषेत त्याला नुसते ‘काउंट’ म्हणतात.

हा आकडा किती असला म्हणजे पुरेसा, हे मात्र आरंभी परदेशी माणसांच्या रक्तावरून ठरलेले होते. २०११ मध्ये भोसरीच्या संस्थेतील माधुरी ठकार व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी भारतीय प्रौढांची संदर्भमूल्ये प्रसिद्ध केली, आणि देशभरच्या सीडी-४ प्रयोगशाळांची गुणवत्ता पडताळण्याचे कामही त्याच संस्थेकडे आले. तोवर औषध सुरू करण्याची जागतिक मर्यादा २०० वरून ३५० वर गेली होती, २०१३ मध्ये ती ५०० झाली, आणि २०१७ मध्ये भारताने निदान होताच उपचार हे धोरण स्वीकारले तेव्हा त्या कामापुरती मर्यादाच उरली नाही. औषध लागू पडते की नाही हे आता विषाणूंची संख्या मोजून पाहिले जाते. सीडी-४ ची तपासणी सुरुवातीला होतेच. कारण आकडा २०० च्या खाली असेल, तर क्षय आणि मेंदूज्वर यांचा शोध आधी घ्यावा लागतो.