रिद्धपूरच्या पोथ्या आणि गुपिताची किल्ली

अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे तीर्थ आणि मराठी गद्याचे माहेर. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने 'लीळाचरित्रा'ची जुळवाजुळव इथेच केली. पुढे चौदाव्या शतकात पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ, सुंदरी, अंकलिपी अशी त्यांची नावे. सकळ लिपीचे श्रेय परंपरेने रवळोबासांना दिले जाते. पवित्र ग्रंथ परक्या हाती पडू नयेत, हा त्यामागचा हेतू अभ्यासक सांगतात.

तिची युक्ती साधी होती. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर लिहायचे. तक्ता ज्याच्याजवळ, त्याला मजकूर कळे. इतरांना नुसती अक्षरे दिसत. या कुलपामागे वाङ्मय शाबूत राहिले, पण मराठी वाचकापासून काही शतके तुटलेही. जे वाचता येत नाही, त्याविषयी माणसे तर्क लढवतात. महानुभावांविषयी नाना गैरसमज पसरले, त्यांना या बंद पोथ्यांनीही हातभार लावला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. मग यवतमाळचे य. खु. देशपांडे, पुढे वि. भि. कोलते अशा वैदर्भीय अभ्यासकांच्या कष्टांनी हे धन उजेडात आले.

अशा कुलपाची कमजोरी फार पूर्वी ओळखली गेली होती. नवव्या शतकात बगदादचा अल-किंदी याने गुप्त मजकूर उलगडण्यावर ग्रंथ लिहिला. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. गुप्त मजकुरातली अक्षरे मोजा आणि ती भाषेतल्या प्रमाणाशी ताडून पाहा, म्हणजे मुखवटा गळून पडतो. अक्षर बदलले तरी त्याची सवय बदलत नाही, हे त्याने ओळखले. शून्याला अरबीत 'सिफ्र' म्हणतात. युरोपात गुप्तलेखनाला मिळालेले 'सायफर' हे नाव त्याच शब्दातून आले.

आज अकोल्याचा दुकानदार मोबाइलवरून अमरावतीच्या व्यापाऱ्याला पैसे पाठवतो, तेव्हा त्याच्या व्यवहारालाही लिपी बदलूनच प्रवास करावा लागतो. फरक एवढाच की आता पद्धत लपवत नाहीत, फक्त किल्ली लपवतात. हे तत्त्व केरखोफ्स या डच भाषातज्ज्ञाने 1883 मध्ये मांडले होते. 2001 मध्ये अमेरिकेने प्रमाण ठरवलेली 'एईएस' ही पद्धत जगात कोणालाही वाचता येते. पण तिच्या सर्वांत लहान किल्लीचेही इतके पर्याय आहेत की त्यांची संख्या 39 अंकी होते. ते एकेक करून तपासायला कोणताही संगणक पुरा पडत नाही. शिवाय इथे अक्षरे नुसती बदलत नाहीत; ती पुन्हा पुन्हा ढवळली जातात, म्हणून अल-किंदीची मोजदाद चालत नाही.

किल्ली दूरच्या माणसाला द्यायची कशी, हा जुना पेच 1970च्या दशकात सुटला. उघडे कुलूप सर्वांना वाटून टाकायचे आणि किल्ली स्वतःजवळच ठेवायची. कुलूप कोणीही लावावे, पण उघडेल फक्त किल्लीवाला.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. सांकेतिक कुलूप हे त्या हक्काचे रोजचे साधन आहे. दवाखान्याचा कागद, बँकेचे खाते, घरातली गोष्ट ही माणसाची अमानत असते. ती झाकली म्हणून तो संशयित ठरत नाही. रिद्धपूरच्या पोथ्यांनी हे दुखणे सोसले आहे. पण कोणती गोष्ट झाकायची आणि कोणती खुली ठेवायची, हा विवेक यंत्र देत नाही. ज्ञानाला कुलूप लावले की समाज एकमेकांना अनोळखी होतात. माणसाच्या खासगी गोष्टीचे कुलूप तोडले की तो उघडा पडतो. एकेकाळी पोथ्या बंद करणाऱ्या त्याच रिद्धपुरात आज मराठी भाषेचे विद्यापीठ उभे आहे.