झेरॉक्सवाला वकील

ऑस्ट्रेलियातल्या काही विद्यापीठांत इंजिनियरिंग आणि लॉ अशी जोडपदवी मिळते. हे सांगितलं की आपल्याकडे ठरलेला प्रश्न येतो, "दोन्ही कशाला?" अशा वेळी मला चेस्टर कार्लसन आठवतो. त्याने ही जोडी स्वतःच जुळवली होती.

१९३० साली कॅलटेकमधून फिजिक्सची पदवी, मग बेल लॅब्ज. १९३३ मध्ये मंदीत ती नोकरी गेली. पुढे न्यूयॉर्कला मॅलरी कंपनीच्या पेटंट विभागात लागला. तिथे सर्किट कळून भागत नाही, कायदाही कळावा लागतो. म्हणून १९३६ पासून रात्रीचं लॉ कॉलेज! पुस्तकं परवडायची नाहीत, मग लायब्ररीत बसून पानंच्या पानं हाताने उतरवायची. त्यात संधिवात. ऑफिसातही पेटंटच्या नकला कधी पुरायच्या नाहीत. वैतागून साहेबांनी नकलेचं यंत्रच मनावर घेतलं.

आता गंमत बघा. पेटंटचा पहिला अर्ज ऑक्टोबर १९३७ चा, आणि पहिली नक्कल उमटली २२ ऑक्टोबर १९३८ ला! नुसता इंजिनियर असता तर आधी यंत्र चालवत बसला असता. प्रयोग तसा साधाच होता: जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर, रुमालाने घासून विजेचा भार, वर प्रकाश आणि मग पूड. सोबतीला ऑटो कॉर्नी नावाचा इंजिनियर.

१९३९ ला लॉची पदवी, १९४२ ला मुख्य पेटंट. वीसेक कंपन्यांनी नकार दिला, पण हक्क कागदावर पक्के होते. पहिलं खपाऊ मशीन, झेरॉक्स ९१४, यायला मात्र १९५९ उजाडलं.