ताळा आणि प्रत

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आयर्नवुड नावाचं एक गाव आहे. १९३० च्या सुमारास तिथल्या शाळेत रेनॉल्ड जॉन्सन हे विज्ञान शिकवत असत. बहुपर्यायी प्रश्नांच्या उत्तरपत्रिका तपासणारं एक यंत्र त्यांनी तयार केलं. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइट असतं आणि ग्राफाइटमधून वीज वाहते. विद्यार्थ्याने खूण कुठे केली आहे, हे यंत्राला त्यावरून कळे. आयबीएम कंपनीने हे यंत्र घेतलं आणि १९३४ मध्ये जॉन्सननाही नोकरीवर घेतलं. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या नव्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख झाले. आज आपल्या संगणकात असणारी हार्ड डिस्क या प्रयोगशाळेत जन्माला आली.

त्याआधी संगणकाची माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर असे. फितीची अडचण कॅसेट वापरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. शेवटचं गाणं ऐकायचं तर सगळी फीत पुढे सरकवावी लागते. ग्रामोफोनच्या तबकडीवर मात्र सुई उचलून हव्या त्या गाण्यावर ठेवता येते. जॉन्सन यांच्या गटाने चुंबकीय माहितीसाठी अशीच सोय केली. १९५६ मध्ये बाजारात आलेल्या त्यांच्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसवल्या होत्या. वजन सुमारे एक टन आणि साठा ५० लाख अक्षरांचा. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो या साऱ्या यंत्रात मावला असता की नाही, शंकाच आहे.

तबकडी फिरते, तिच्यावरून वाचक-डोकं सरकतं, आणि फिरणारी वस्तू कधी ना कधी बिघडते. मग माहितीचं काय? याचं उत्तर शोधायला आपल्याला थोडं मागे, बेल प्रयोगशाळेत जावं लागेल. १९४० च्या दशकात रिचर्ड हॅमिंग हे गणितज्ञ तिथल्या यंत्रावर शनिवार-रविवारी आपली आकडेमोड लावून जात. यंत्राला चूक झाल्याचं कळे, पण ती दुरुस्त करता येत नसे. ते सरळ ते काम सोडून देई. सोमवारी हॅमिंगना उत्तराऐवजी अर्धवट काम मिळे. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये, असा प्रश्न त्यांना पडला. त्यातून निघालेली पद्धत त्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केली. मूळ माहितीसोबत थोडी जादा माहिती हिशेबाने ठेवली, तर चूक सापडते आणि सुधारताही येते, हे तिचं सार.

आपण गणितात ताळा करून पाहतो, त्याचंच हे भावंड. समजा, तीन डिस्कवर ४७, ३५ आणि ६२ हे आकडे आहेत. चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज, १४४, लिहून ठेवली. आता दुसरी डिस्क बंद पडली. १४४ मधून ४७ आणि ६२ वजा करा; ३५ परत मिळाले. संगणकात सगळं ० आणि १ मध्ये असतं, त्यामुळे तिथे बेरजेऐवजी सम-विषम पाहिलं तरी भागतं. चारही डिस्क मिळून १ ची संख्या नेहमी सम राहील, असा अंक चौथीवर लिहायचा. पहिल्या तीन डिस्कवर १, ०, १ असतील तर चौथीवर ०. १, १, १ असतील तर चौथीवर १. कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा अंक सांगता येतो.

ही युक्ती डिस्कच्या जगात रूढ झाली ती एका हिशेबामुळे. १९८७-८८ मध्ये बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी असा विचार मांडला, की मोठ्या संगणकाच्या एका महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकाच्या बऱ्याचशा स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात. वेग वाढेल, खर्च कमी होईल. पण एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर १०० डिस्कपैकी एखादी तरी सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत बिघडणार! ताळ्याची डिस्क जोडल्याशिवाय ही रचना निरुपयोगी होती. या रचनेला त्यांनी ‘रेड’ असं नाव दिलं. त्यातलं एक अक्षर ‘स्वस्त’ या अर्थाच्या शब्दाचं होतं. पुढे उत्पादकांनी तिथे ‘स्वतंत्र’ या अर्थाचा शब्द बसवला. आज घरातले फोटो, गाणी आणि चित्रपट साठवणाऱ्या छोट्या सर्व्हरमध्ये दोन-चार डिस्कची हीच रचना सर्रास आढळते.

आणि इथेच एक घातक गैरसमज होतो. रेड आहे, म्हणजे आपली माहिती सुरक्षित आहे, असं वाटू लागतं. खरं म्हणजे रेड फक्त डिस्क बिघडण्यावरचा इलाज आहे. आपण चुकून एखादा फोटो पुसला, तर ती चूकही सगळ्या डिस्कवर तत्काळ आणि इमानेइतबारे नोंदली जाते. चोरी, आग, वीज पडणं, संगणकात शिरलेला विषाणू, यांच्यापुढेही ताळ्याचा उपयोग नाही, कारण सगळ्या डिस्क एकाच पेटीत असतात. शिवाय एक डिस्क गेल्यावर तिची माहिती पुन्हा तयार करताना उरलेल्या सगळ्या डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात. मोठ्या डिस्कच्या बाबतीत याला अनेक तास लागतात. तेवढ्यात आणखी एक गेली तर सगळंच गेलं.

म्हणून वेगळी प्रत हवी. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचं काम चालू असताना कोणीतरी दिलेल्या एका आज्ञेने फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रती काढायची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नसल्याचं गरज पडल्यावरच लक्षात आलं. गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची काही आठवड्यांपूर्वीची प्रत होती. बरंचसं काम त्या प्रतीमुळे वाचलं. यात दोन धडे आहेत. प्रत दुसऱ्या जागी असावी, आणि ती उघडून पाहिलेली असावी.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यासाठी सुटसुटीत नियम रूढ केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. सगळ्याच साठ्याला हा खर्च करायची गरज नाही. चित्रपट किंवा गाणं पुन्हा मिळवता येतं. आजीच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण किंवा शाळेच्या पहिल्या संमेलनाचे फोटो पुन्हा मिळत नाहीत. तेव्हा आधी निवड करावी. सहसा न मिळणाऱ्या गोष्टींनी जागा थोडीच व्यापलेली असते.

वर्गात हे सहज करून दाखवता येईल. तीन मुलांच्या हाती एकेक आकडा लिहिलेली पाटी द्या आणि चौथ्याला बेरीज लिहायला सांगा. एकाला वर्गाबाहेर पाठवा. बाकीचे त्याचा आकडा शोधून काढतील. मग नवा डाव मांडा. या वेळी एकाला आपला आकडा पुसून तिथे शून्य लिहायला सांगा, आणि नियमाप्रमाणे चौथ्याला बेरीजही बदलायला लावा. आता पहिला आकडा कोणता होता, हे विचारा. बेरीज बरोबर येते, ताळाही जुळतो, पण आकडा काही परत येत नाही. तो परत कसा मिळवता आला असता, हा प्रश्न मुलांवरच सोपवा. आधीच वहीत लिहून ठेवायला हवा होता, असं कोणी ना कोणी सांगेलच. ती वही कुठे ठेवावी, हा पुढचा प्रश्न.