संदेश कोणी पाठवला? मोटारीतील संगणकाची हकिकत

नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने सातपूरकडे निघालो, की वाटेत मायको सर्कल लागते. ज्या कंपनीवरून हे नाव पडले तिने 2008 मध्ये आपले नाव बदलून 'बॉश' केले; पण रिक्षावाल्याला आजही मायको सर्कलच सांगावे लागते. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, जर्मनीतील बॉशच्या सहकार्याने 1951 मध्ये बंगलोरला सुरू झालेली. तिचा सातपूरचा कारखाना डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा सोडणाऱ्या नोझलसाठी ओळखला जातो. जुन्या डिझेल गाडीत किती इंधन सोडायचे हे पंपातील फिरती वजने, स्प्रिंगा आणि दांडे ठरवीत. पाना आणि अनुभव हाताशी असला, की गॅरेजमधला मिस्त्री ते जुळवून देई. त्या गाडीत बाहेरच्या कोणाला शिरायचे, तर काच फोडूनच शिरावे लागे.

मग संगणक आला. चैनीसाठी नव्हे, धुरासाठी आला. प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले तसा इंधनाचा हिशेब स्प्रिंगांना झेपेना. 1 एप्रिल 2000 पासून देशात 'इंडिया 2000' ही मानके लागू झाली आणि 1 एप्रिल 2020 ला आपण 'भारत स्टेज 6' वर पोहोचलो. फवारा कधी आणि किती सोडायचा हे आता एक लहानशी संगणकपेटी ठरवते. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, दारे यांनाही अशाच पेट्या मिळाल्या. पेट्या वाढल्या तशा त्यांनी आपापसात बोलायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. प्रत्येकीपासून प्रत्येकीपर्यंत वेगळी तार नेली, तर गाडीत तारांचा गुंताच होईल.

उत्तर बॉशच्याच अभियंत्यांनी शोधले. 1983 मध्ये सुरू झालेले हे काम त्यांनी 1986 मध्ये अमेरिकेत डेट्रॉईटच्या परिषदेत मांडले. त्याचे नाव 'कॅन'. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा घ्यायच्या आणि सर्व पेट्या त्यांनाच जोडायच्या. प्रत्येक संदेशाच्या आरंभी एक क्रमांक असतो. 11 अंकी द्विमान क्रमांक असेल तर असे 2048 क्रमांक होऊ शकतात. दोन पेट्या एकाच वेळी बोलू लागल्या, तर लहान क्रमांकाचा संदेश पुढे जातो आणि दुसरा थांबतो. म्हणून निकडीच्या संदेशांना लहान क्रमांक द्यायचे. क्रमांकामागून जास्तीत जास्त 8 बाइटांची माहिती, आणि शेवटी वाटेत काही बिघडले का ते तपासायचा आकडा. युक्ती इतकी सुटसुटीत, की आज बहुतेक मोटारींत ती आहे.

मात्र या संदेशात एक गोष्ट नाही. क्रमांक सांगतो संदेश कशाबद्दल आहे. तो कोणी पाठवला, हे सांगत नाही. शेवटचा आकडा चूक पकडतो, लबाडी पकडत नाही.

नाशिकरोडला 1925 पासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे आणि 1928 पासून चलनी नोटांचा छापखाना. त्यामुळे हा फरक नाशिकच्या विद्यार्थ्यांना समजावणे सोपे आहे. नोटेवर नुसते '100' लिहिलेले असून भागत नाही. जलचिन्ह आणि सुरक्षा धागा असतो, तो नोट कोणी काढली हे पटवण्यासाठी. कॅनचा संदेश म्हणजे जलचिन्हाविना नोट.

शिक्षकांनी हा खेळ वर्गात अवश्य करावा. आठ-दहा विद्यार्थी टेबलाभोवती बसवा. कोणी चाक, कोणी ब्रेक, कोणी इंजिन, कोणी वेग दाखवणारा काटा. प्रत्येकाने चिठ्ठीवर ठरलेला क्रमांक आणि संदेश लिहून टेबलावर टाकायचा. नाव लिहायचे नाही. आता एका मुलीला गुपचूप सांगा, की चाकाचा क्रमांक घालून खोटा वेग लिही. काटा निमूटपणे तो दाखवील. दुसऱ्या फेरीत चाक आणि काटा यांनी एक गुप्त आकडा ठरवावा आणि त्यावरून काढलेली खूण चिठ्ठीवर लिहावी. खोटी चिठ्ठी पकडली जाईल. पण एखादा चलाख विद्यार्थी जुनी खरी चिठ्ठीच पुन्हा टेबलावर टाकील! तेव्हा चिठ्ठीचा अनुक्रमही त्या खुणेत गुंफावा लागतो, हे मुलांना आपोआप कळते.

1986 च्या अभियंत्यांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. त्या तारा बॉनेटखाली बंद होत्या. खोटी चिठ्ठी टाकणार कोण? पुढे गाडीला रेडिओ, ब्लूटूथ आणि मोबाइल जोडणी मिळाली, तेव्हा मात्र हा प्रश्न पुन्हा विचारायला हवा होता. 2010 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी या तारांवर खोटे संदेश सोडून गाडीचे ब्रेक निकामी करून दाखवले. त्यासाठी गाडीत शिरावे लागते, मग भीती कसली, असे तेव्हा म्हटले गेले. जुलै 2015 मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हालासेक यांनी मैलोगणती दूर, घरी बसून एका जीप चेरोकीचा वेग महामार्गावर खुंटवला. चालक पत्रकार होता आणि प्रयोगाला राजी होता. वाट मिळाली ती करमणुकीच्या पडद्यातून, मोबाइल जोडणीमार्गे. कंपनीने 14 लाख गाड्या दुरुस्तीसाठी मागे बोलावल्या.

त्याच वर्षी सप्टेंबरात याची उलटी बाजू उघडी पडली. फोक्सवागेनच्या डिझेल गाड्यांमधला संगणक, आपली चाचणी चालू आहे हे चाकांच्या व स्टिअरिंगच्या हालचालींवरून ओळखी आणि तेवढ्यापुरता धूर कमी करी. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने भारतातील गाड्या रस्त्यावर तपासल्या, आणि डिसेंबरात कंपनीने येथील सुमारे 3 लाख 24 हजार गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. इथे गाडीत बाहेरचा कोणी शिरला नव्हता. मालकापासून लपवणारी गाडी खुद्द निर्मात्यानेच केली होती.

आता खासगी माहितीकडे वळू. घोटीच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो, तेव्हा गाडी, ठिकाण आणि वेळ यांची नोंद होते. फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा आहे. नाशिकच्या सिटीलिंक बसची जागा प्रवाशाला मोबाइलवर दिसते, आणि ते सोयीचेच आहे. बस सार्वजनिक असते. शिक्षकाची स्कूटर तशी नसते. मार्च 2019 मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने वाहननोंदणी व परवान्यांची माहिती घाऊक विकण्याचे धोरण आखले. व्यापारी संस्थेला वर्षाला 3 कोटी रुपये पडत. जुलै 2019 मध्ये मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेला सांगितले, की 87 खासगी कंपन्या व 32 शासकीय संस्थांना ही माहिती दिली असून तीतून 65 कोटी मिळाले. ज्यांची ती माहिती, त्यांना कोणी विचारले नव्हते. आणि हे घडले सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्यानंतर! 2020 मध्ये हे धोरण मागे घेतले गेले. नोंदणीपुस्तकात निदान गाडी कुठे गेली हे नसते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्या चालकाने किती जोरात ब्रेक दाबला तेही टिपत आणि ते विमा कंपन्यांपर्यंत पोहोचे, हे 2024 मध्ये उघड झाले.

चालकाविना धावणाऱ्या गाडीत हे सारे अनेक पटींनी वाढते, कारण चारी दिशांना कॅमेरे असल्याशिवाय ती चालतच नाही. 2004 च्या मोहावे वाळवंटातील शर्यतीत अशी एकही गाडी 12 किलोमीटरपलीकडे गेली नव्हती. आज काही परदेशी शहरांत त्या प्रवासी नेतात. गडकरी यांनी 2017 मध्येच अशा गाड्यांना भारतात वाव नाही असे म्हटले, पण कारण दिले चालकांच्या रोजगाराचे. ते कारण खरेच आहे. तोवर स्वतः ब्रेक लावणारी, स्वतः मार्गिका धरणारी गाडी मात्र तुकड्यातुकड्याने दारात आली.

खोट्या चिठ्ठीवरचा उपाय आता होऊ लागला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 155 क्रमांकाच्या नियमानुसार युरोपात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीच्या संगणकीय सुरक्षेची व्यवस्था निर्मात्याला दाखवावी लागते. यातून एक नवाच पेच निघाला. जीप प्रकरणानंतर त्या कंपनीने 2018 पासूनच्या गाड्यांत तारांच्या तोंडाशी कुलूप घातले. त्यामुळे चोराबरोबर स्वतंत्र गॅरेजवालाही बाहेर राहिला. अनेक कामांसाठी त्याला कंपनीकडे नोंदणी करून किल्ली मागावी लागते. जुलै 2022 मध्ये आपल्या केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे आणि मोबाइल यांच्या जोडीला मोटारीही तिच्या विषयात घेतल्या. स्टिअरिंगखालच्या खाचेत आपले उपकरण खोचणाऱ्या नाशिकच्या मिस्त्रीला ती किल्ली कोणी, किती पैशांत द्यायची, हा प्रश्न त्यातलाच आहे.