भागाकारातली बाकी आणि १९५७ चा नवा पैसा

"आमच्या वेळी चौथीतल्या पोराला भागाकार यायचा, आता दहावीतल्याला येत नाही." नागपुरात हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि विभागाच्या कॅन्टीनमध्येही. तुम्ही पेटची तयारी करताय, तर संशोधनाचा प्रश्न म्हणून हे कसं तपासाल? आधी वही घ्या.

१३ रुपये ५ आणे ४ पै आठ जणांत सारखे वाटायचे. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. १३ ला ८ ने भागलं की प्रत्येकी १ रुपया, बाकी ५ रुपये. ते मोडले, ८० आणे आले. आधीचे ५ मिळवून ८५. प्रत्येकी १० आणे, उरले ५. त्यांच्या ६० पै, त्यात ४ मिळवून ६४. प्रत्येकी ८ पै.

शाळेत या हिशेबांचा सराव घोटून घ्यायचे. वजनातही तेच, ४० शेरांचा एक मण. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ असायची ती याच कामासाठी.

मग १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं, आणि पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, नवा पैसा आला. रुपयाचे १०० पैसे. इथल्या पोरांचं एका शैक्षणिक वर्षात राज्यही बदललं आणि नाणंही! त्यात एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे, म्हणजे आणे मोडून घेतानाही डोकेदुखीच. १९५८ पासून किलोग्रॅमही येऊ लागला.

आता १३.४४ ला ८ ने भागा. १३ मधून ८ गेले, बाकी ५. वरचा ४ खाली घेतला, ५४. हा ४ खाली का घ्यायचा? खरं तर ५ रुपये मोडून ५० दशांश झाले, त्यात ४ मिळवले. आण्यांमध्ये हे मोडणं मुलाला स्वतः करावं लागे. दशमानात ते अंकाच्या जागेत लपलं. हिशेब सोपा झाला हे चांगलंच झालं, पण 'खाली घ्या' हा नुसता हुकूम उरला. मला स्वतःला याचं कारण एम.एस्सी. झाल्यावर कळलं, आता बोला.

म्हणून जुनी पिढी हुशार होती म्हणायचं? थांबा. 'असर' २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या २५.६ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. ही चाचणी मुलांच्या घरी जाऊन घेतात, त्यामुळे शाळेत रोज न येणारं मूलही त्यात सापडतं. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता होती १८.३३ टक्के. "आमच्या वेळी" म्हणणारे आजोबा त्या १८ मधले. शाळेची पायरीही न चढलेली मुलं त्यांच्या आठवणीतल्या वर्गात नव्हतीच. टक्केवारी हाही भागाकारच, आणि इथे दोन्हीकडचा छेद वेगळा आहे.

तेव्हाच्या मुलांना भागाकार किती येत होता, हे आठवणींवरून ठरणार नाही. पण त्यांच्याकडून काय अपेक्षित होतं, ते पुस्तकांत सापडतं. घरच्या माळ्यावर १९५७ च्या आधीचं अंकगणित असेल तर भागाकाराचं प्रकरण उघडा. किती उदाहरणं आण्या-पैंची, किती मण-शेरांची आणि किती नुसत्या आकड्यांची, ते मोजा. मग १९५७ नंतरचं पुस्तक शेजारी ठेवा.